एकाच शाईतली पाच वर्षं

मला पक्ष्यांची आवड कधीच नव्हती. साहेबांना होती, म्हणून मी तळं घेतलं.

साहेब म्हणजे आमच्या कारखान्यातल्या आराखडा विभागाचे प्रमुख. मैसूरकडचे, पन्नाशीला आलेले, बारीक अंगाचे गृहस्थ. कारखाना सरकारी, बंगळूरच्या पूर्वेच्या टोकाला. मी पुण्याहून येऊन तिथे ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. विभागात आम्ही अकरा जण, सगळे एकाच वयाचे, आणि वरच्या जागा दोन. साहेब कामापलीकडे कुणाशी बोलत नसत. पण एकदा दुपारच्या सुट्टीत खिडकीच्या गजांवर एक पक्षी येऊन बसला तेव्हा ते हातातली पेन्सिल खाली ठेवून पाच मिनिटं उभे राहिलेले मी पाहिले. तो कुठला पक्षी होता ते मला आजही सांगता येणार नाही. मी पाहत होतो ते साहेबांकडे.

गावात हौशी मंडळींचं एक पक्षीमंडळ होतं. दोन डॉक्टर, कॉलेजातले काही प्राध्यापक, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, असे पंधराएक जण. साहेब त्याचे चिटणीस होते. शहराभोवतीच्या तळ्यांवर किती आणि कुठले पक्षी येतात याची पद्धतशीर मोजदाद करायची असं मंडळाने ठरवलं. एकेका सभासदाने एकेक तळं घ्यायचं, वर्षभर दर पंधरा दिवसांनी रविवारी पहाटे जायचं, आणि छापील तक्ता भरून महिनाअखेरीला द्यायचा. कुणाला काही मिळणार नव्हतं. स्वखुशीचं काम.

मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "आमच्या क्वार्टर्सच्या मागे, मारतहळ्ळीच्या वाटेवर एक तळं आहे. ते मी घेऊ का?"

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला बसायला सांगितलं.

मंडळाची एक जुनी जड दुर्बीण आणि पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आलं. मी चार रविवार गेलो. दीड मैल नाचणीच्या शेतांतून चालायचं, दवाने पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा, आणि समोर पाण्यात काळे ठिपके. कुठला ठिपका कुठला हे मला कळेना. दुर्बिणीतून बघितलं तर ठिपके मोठे व्हायचे, एवढंच. पहिल्या दोन महिन्यांचे तक्ते मी पुस्तकातली चित्रं बघून अंदाजाने भरले.

पाचव्या रविवारी मला ताप आला. मी पडल्या पडल्या कुरकुरत होतो की तक्ता रिकामा जाणार, साहेब काय म्हणतील. माझी बायको म्हणाली, "मी जाऊन येऊ? मुलीला तुम्ही बघा."

ती निपाणीजवळच्या एका खेड्यातली. वडील शाळामास्तर, घरामागे मोठं तळं. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, अशा दोन्ही भाषांत ती वाढली होती. आमचं लग्न झालं तेव्हा तिचं गाव मुंबई राज्यात होतं. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा ते मैसूरमध्ये आलं, आणि मी तिला चिडवायचो की तुझं माहेर तुझ्या पाठोपाठ इथवर आलं. ती हसायची. तेव्हा ती माझ्या बोलण्यावर हसत असे.

त्या रविवारी ती आठला परत आली. पदर ओला, पायांना चिखल. मुलीला घेऊन ती ओट्याशी बसली आणि एका शंभर पानी वहीत पेन्सिलीने लिहू लागली. मी वही मागून घेतली. तिला इंग्रजी नावं येत नव्हती, म्हणून तिने प्रत्येक पक्ष्याचं वर्णन लिहिलं होतं. "तपकिरी, डोळ्यावर पांढरी भुवई, डोकं खाली घालून चरतात, पश्चिमेच्या कोपऱ्यात, चौसष्ट." "बुडी मारून भलतीकडेच निघणारं, बोटभर शेपूटही नाही, अकरा." बाजूला छोटी चित्रं. मी पुस्तक उघडलं आणि तिच्या चित्रांवरून नावं शोधली. तासाभरात सगळी सापडली. आधीचे माझे दोन तक्ते किती खोटे होते तेही त्यातच कळलं.

त्यानंतर मी तळ्यावर गेलो नाही.

असं पाच वर्षं चाललं. पंधरा दिवसांनी एकदा ती पहाटे उठायची, फुलांच्या परडीत दुर्बीण आणि वही ठेवून वर कापड टाकायची आणि निघायची. तळ्याच्या बांधावर ग्रामदेवतेचं छोटं देऊळ होतं. शेजारच्या अक्कांना वाटायचं, हिचा काही नवस असेल. तिने तो समज कधी मोडला नाही. मी मुलीला घेऊन साडेसातपर्यंत झोपत असे. ती आली की चहा व्हायचा, मग ती वही वाचून दाखवायची आणि मी इंग्रजीत तक्ता भरायचो. खाली सभासदाचं नाव आणि सही. सही माझी.

या कामात माझंही काही होतं, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. नावं मी शोधत होतो, अक्षर माझं होतं. पण खरं सांगायचं तर तिसऱ्या वर्षापासून तिला नावं शोधून द्यावी लागत नव्हती. तिने पुस्तकातल्या चित्रांखालची अक्षरं जुळवून वाचायला सुरुवात केली होती. माझ्याकडे उरलं होतं ते फक्त सहीचं काम.

साहेबांना माझे तक्ते फार आवडत. "एवढा काटेकोर सभासद मंडळात दुसरा नाही," ते एकदा सगळ्या विभागासमोर म्हणाले. ज्या दिवशी पाऊस असे त्या दिवशी पक्षी कुठल्या काठाला सरकतात, पाणी किती उतरलं की चिखलातले लांब पायांचे पक्षी येतात, असल्या बारीक नोंदी इतर कुणी करत नव्हतं. चौथ्या वर्षी मला बढती मिळाली. ती पक्ष्यांमुळे मिळाली असं कारखान्यात कुणी म्हणणार नाही. मी म्हणतो.

पाचव्या वर्षी, श्रावणात, तिने वहीत लिहिलं की देवळाच्या बाजूच्या लव्हाळ्यात रंगीत पाणलाव्यांचं घरटं आहे, चार अंडी आहेत, आणि अंड्यांवर फिका नर बसतो. मी तक्ता भरताना थांबलो. रंगीत असतो तो नर आणि फिकी असते ती मादी, कोंबड्यापासून मोरापर्यंत सगळीकडे तसंच. अंड्यांवर बसलाय म्हणजे ती मादीच. ही चुकली असं मी गृहीत धरलं आणि तिला न विचारता तक्त्यात लिहिलं, अंड्यांवर मादी.

चार दिवसांनी साहेब म्हणाले, "रविवारी मी तुमच्याकडे येतो. ते घरटं पाहायचंय."

ते खरंच आले, पहाटे, सायकलवरून. मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलो. घरटं कुठे ते मला माहीत नव्हतं. लव्हाळ्यात अर्धा तास इकडेतिकडे हिंडून मी म्हणालो की गेल्या पावसात वाहून गेलं असावं. परतताना साहेब आमच्या घरी कॉफीला थांबले.

"तक्त्यात तुम्ही मादी बसल्याचं लिहिलंय," खुर्चीत टेकत ते इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"हो सर. फिकी होती. अगदी मातीच्या रंगाची."

"फिका असतो तो नर. या पक्ष्यात उलटं आहे. पुस्तकातही आहे."

मी काही बोलणार तेवढ्यात बायको कॉफीचे पेले घेऊन बाहेर आली. इंग्रजी तिला थोडंफार समजत होतं. तिने साहेबांपुढे पेला ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. साहेबांनी चमकून वर पाहिलं आणि कानडीतच प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. मला कानडी दुकानापुरतं येत होतं, सरी आणि स्वल्प आणि एष्टु, म्हणजे ठीक, थोडं, किती. त्यांचं बोलणं मला अर्धंमुर्धं कळत होतं. अंडी घालून रंगीत निघून जाते, हा बसतो, तीन सकाळी पाहिलं, असं काहीसं ती सांगत होती. हाताने तिने लव्हाळ्याची जागा दाखवली, देवळापासून किती पावलं ते सांगितलं. साहेबांची कॉफी निवत होती. खिडकीतल्या पक्ष्यासाठी पेन्सिल खाली ठेवणारा तोच चेहरा मी समोर पाहत होतो, आणि तो माझ्याकडे वळलेला नव्हता.

"बाईंना तर चांगलीच जाण आहे," साहेब माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले. "त्यांना मंडळात का आणत नाही? आता दोनतीन स्त्रिया येतात."

"तिला कुठे वेळ असतो, सर," मी म्हणालो. "मुलगी लहान आहे. मी तक्ता भरताना बोलतो ते ऐकून ऐकून तिला पाठ झालंय."

बायको पेले उचलत होती. ती थांबली नाही. पण तिने ते ऐकलं, आणि तिला ते समजलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

निघताना साहेब म्हणाले, "पाच वर्षांची एकत्र यादी करायचं मनात आहे. सगळ्या तळ्यांची. तुमच्या तळ्याच्या मूळ वह्या मला द्या. तक्त्यात सगळं मावत नाही."

मूळ वह्या पाच होत्या. मराठीत, पेन्सिलीने, तिच्या अक्षरात. स्वयंपाकघराच्या फळीवर डाळीच्या डब्यांमागे रचलेल्या.

मी नव्या वह्या आणल्या आणि इंग्रजीत नक्कल करायला बसलो. तीन रविवारच्या दुपारी गेल्या. ती शेजारी बसून वाचत होती आणि मी लिहीत होतो. मध्येच ती म्हणायची, "इथे लिहायचं राहिलं होतं, त्या दिवशी धुकं होतं, मोजणी उशिरा झाली. घाला ते." मी घालायचो. शेवटच्या दुपारी तिने विचारलं, "यादी छापणार ना? मग नाव कुणाचं येईल?"

"सभासदाचंच येतं," मी म्हणालो.

"सभासदाचं," ती म्हणाली, आणि पुढचं पान वाचू लागली.

मला वाटलं, विषय संपला. पण माझ्या मनातून साहेबांचा तो चेहरा जाईना. साहेब आता केव्हाही घरी येणार. हिच्याशी कानडीत बोलणार. ही सहज फळीवरून वही काढून दाखवणार, पाहा सर, मी असं लिहिलं होतं. मग विभागात काय तोंड दाखवायचं? पुढच्या मोजणीच्या रविवारी ती तळ्यावर गेली तेव्हा मी त्या पाचही वह्या काढल्या आणि न्हाणीतल्या बंबात घातल्या. पानं चटकन पेटली. पुठ्ठ्यांना वेळ लागला.

ती परत आली तेव्हा पाणी कडकडीत तापलेलं होतं.

"आज तुम्ही बंब पेटवलात?" तिला बरं वाटलेलं दिसलं. मी हो म्हणालो. ती आंघोळीला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मग ती तशीच बाहेर आली. हातात खाकी पुठ्ठ्याचा एक जळका कोपरा होता.

"सगळ्या?" तिने विचारलं.

"नक्कल झाली आहे ना. दोन दोन प्रती कशाला ठेवायच्या? झुरळं होतात."

तिने तो कोपरा केराच्या टोपलीत टाकला. परडीतून दुर्बीण काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्या दिवसाची मोजणी तिने नव्या वहीत लिहिली होती. ती दोन पानं फाडून तिने दुर्बिणीखाली ठेवली.

"पुढच्या वेळी तुमचं तुम्ही जा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं, चार दिवसांनी निवळेल.

ती परत कधी तळ्यावर गेली नाही.

यादी छापून आली. आमच्या तळ्याला सगळ्यांत जास्त पानं मिळाली होती, वर माझं नाव. मी एक प्रत घरी आणली. तिने ती हातात घेतली, पाणलाव्याचं पान काढून वाचलं, अंड्यांवर नर असं आता बरोबर छापलं होतं, आणि प्रत माझ्या टेबलावर ठेवून दिली.

तिने सोडल्यावर मी महिनाभर तळ्यावर जाऊन पाहिलं. पुन्हा तेच ठिपके. मग चीनशी लढाई सुरू झाली, कारखान्यात रविवारच्याही पाळ्या लागल्या, आणि मला एक चांगली सबब मिळाली. मी माझ्याकडच्या जुन्या तक्त्यांच्या प्रतींवरून नवे तक्ते भरू लागलो. गेल्या वर्षी याच पंधरवड्यात चौसष्ट होते, तर यंदा एकसष्ट. इथे दोन वाढवायचे, तिथे पाच कमी करायचे. ड्राफ्ट्समनला हे काही जड नव्हतं. लढाई महिनाभरात आटोपली, पाळ्याही पुढे बंद झाल्या, पण माझी ती सवय राहिली.

आम्हा दोघांचं बोलणं घरापुरतं उरलं होतं. मुलीची शाळा, घासलेट, माहेरचं पत्र. भांडण असं कधी झालं नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास आठवडाभर मुसळधार पाऊस लागला. एका सकाळी मी दाढी करत होतो. मारतहळ्ळीकडून पालेभाजी, सोप्पु, विकायला येणारी म्हातारी मागच्या दारात बसून बायकोला कानडीत काहीतरी लांबलचक सांगत होती. हातवारे चालले होते. बायको जुडी हातात धरून ऐकत होती. मधूनच तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गालावर वस्तरा फिरवत राहिलो. बायकांच्या गप्पा, मी लक्ष दिलं नाही.

त्या डिसेंबरात एका दुपारी मी टेबलाशी बसून तक्ता भरत होतो. तिने चहा आणून ठेवला. सहसा ती लगेच वळायची. त्या दिवशी माझ्या खांद्यामागे उभी राहिली.

"बदकं आली का यंदा?" तिने विचारलं.

इतक्या महिन्यांनी तिने पक्ष्यांचं नाव काढलं याचं मला बरं वाटलं. "आली की," मी म्हणालो.

"किती?"

"नेहमीइतकी. थोडी जास्तच."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

मंडळात त्या वर्षी एक तरुण प्राध्यापक नवा आला होता. उत्साही माणूस. यादीतली माहिती वाचून तो भारावला होता आणि एकेका तळ्यावर सायकलने जाऊन स्वतः पाहत होता. जानेवारीत तो आमच्या तळ्यावर गेला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तो प्राध्यापक तिथे बसलेला होता, अवघडून, हातात टोपी. टेबलावर माझे तक्ते आणि माझ्या पाच वह्या होत्या.

"तळ्यावर शेवटचे कधी गेला होता?" साहेबांनी विचारलं.

"गेल्या रविवारी, सर."

"पाणी किती होतं?"

"भरपूर. बांधापासून हातभर खाली."

प्राध्यापकाने मान खाली घातली. साहेब शांतपणे म्हणाले, "दिवाळीच्या पावसात बांध फुटला. तळ्यात थेंब नाही. गावकऱ्यांनी मधोमध अवरे, म्हणजे पावटे, पेरलेत. यांनी शेंगासुद्धा आणल्यात."

साहेबांनी माझी एक वही उघडून माझ्याकडे फिरवली.

"यांनी हे दाखवलं तेव्हा मी या पुन्हा पाहिल्या. पाच वर्षं, पाच वह्या, एकच शाई, एकच टाक. कुठे खाडाखोड नाही. कुठे पाण्याचा डाग नाही. पहाटे दवात तुम्ही शाईने लिहिता?"

"नक्कल आहे, सर."

"मग मूळ आणा. मूळ दाखवलंत तर आधीची पाच वर्षं तरी मी वाचवू शकेन."

"मूळ राहिलं नाही."

साहेबांनी आवाज उतरवून विचारलं, "तुमच्या बाईंना विचारू का? त्यांनी मला घरट्याची जागा पावलं मोजून सांगितली होती. त्यांना काही ठाऊक असेल."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोललो असतो तर माझी अब्रू गेली असती, पण तिची पाच वर्षं राहिली असती. माझी अब्रू तशीही गेलीच होती. हे सगळं त्या क्षणी मला स्पष्ट दिसत होतं.

"तिला यातलं काही कळत नाही, सर," मी म्हणालो.

साहेबांनी वही मिटली.

महिन्याभराने मंडळाचं पत्र घरी आलं. त्या तळ्याच्या सर्व वर्षांच्या नोंदी अविश्वसनीय ठरवून यादीतून काढल्या आहेत, सभासदांनी आपल्या प्रतींतील संबंधित पानं रद्द समजावीत, दुर्बीण परत करावी. बायकोने टपाल घेतलं होतं. ती पत्र उघडत नसे, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने हात पुढे केला. मी दिलं. ती ओळींवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली.

"तुला माहीत होतं ना, बांध फुटल्याचं?" मी विचारलं.

"हो. सोप्पुवाली सांगून गेली होती."

"आणि मी बदकं लिहीत होतो ते तू उभी राहून पाहिलंस."

"पाहिलं."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पकडले जावं असं वाटत होतं," ती म्हणाली. तिने पत्रावरचं बोट परत एका शब्दावर आणलं. "सर्व वर्षांच्या म्हणजे? आधीच्यापण?"

"आधीच्यापण."

"माझ्यापण?"

मी म्हणालो, "तुझ्या म्हणून वेगळ्या कुठे होत्या."

ती खाली बसली. तिला रडताना मी लग्नानंतर दोनदाच पाहिलं होतं, आणि त्या दिवशी ती रडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली, पत्र मांडीवर. मुलगी शाळेतून आली तेव्हा उठून तिने तिला खायला दिलं.

कारखान्यात मला कुणी काही बोललं नाही. साहेबांनी माझ्या कामात कधी खोट काढली नाही, आणि मला परत कधी बसायलाही सांगितलं नाही. चार वर्षांनी ते निवृत्त झाले आणि राजाजीनगरात घर बांधून राहू लागले. त्यानंतर वर्षभराने मी त्यांच्याकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. मुलगी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची झाली होती. एकदा जेवताना तिने आईला विचारलं, तू रोज मागच्या दारात उभी राहून काय ऐकतेस? आणि ही म्हणाली, काही नाही गं, हवा खाते. पुढच्या रविवारी मी बस पकडली.

साहेबांनी दार उघडलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वह्या कुणाच्या, नक्कल कशी झाली, बंब, सगळं.

"मला तसं वाटलं होतं," शेवटी ते म्हणाले. "त्या दिवशी केबिनमध्येच वाटलं होतं. पण तुम्ही नाही म्हणालात. माणूस आपल्या घरातलं जे सांगतो ते मी खरं धरतो."

"तुम्ही तिलाच विचारायला हवं होतं, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "हो," ते म्हणाले. "हवं होतं." मग पुढे म्हणाले, "मंडळाचं काम आता तो प्राध्यापक पाहतो. बाई येऊन बसल्या आणि त्यांना आठवेल तेवढं त्यांनी सांगितलं, तर तुमच्या नकलेशी ताडून पाहता येईल. तो ऐकेल. मी त्याला सांगेन. त्यांना घेऊन या."

संध्याकाळी घरी येऊन मी तिला सांगितलं. साहेबांना सगळं सांगून आलो, नोंदी परत घेतील, तुझ्या नावाने घेतील. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"त्यांना सांगा, मला काही आठवत नाही," ती म्हणाली.

"तुला सगळं आठवतं. पाणलाव्याच्या घरट्यापर्यंतची पावलंसुद्धा."

"तुमच्या साहेबांनी तेव्हा मला विचारलं नाही. तुम्ही तर नाहीच विचारलं. आता तुम्हा दोघांना बरं वाटावं म्हणून मी बसमधून जाऊन आठवत बसू?" तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मला काही आठवत नाही, म्हणून सांगा."

मी साहेबांना तसं पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही.